दिवाळे गावातल्या कोळी नानांना, जरा उशिराने

नाना, साष्टांग नमस्कार.

गणपतीत माझ्यामागून जेट्टीवर आलेला सहा फुटी माणूस आठवतो ना, कापड ताणलेली लाकडी चौकट काखेत मारून? तो माझा धाकटा भाऊ. तुम्हाला आधी तो पतंगवाला वाटला होता. त्याला तुम्ही जाळ्याची गाठ मारायला शिकवलीत, पण तेव्हा आम्ही आभार न मानताच निघालो, कारण पापलेट घेऊन बेलापूरला पोचायची मला घाई होती. म्हणून हे पत्र. तुमची नात मोबाईलवर वाचून दाखवेलच.

तो कॅनडात गॅरेजमध्ये विमान बांधतोय, खेळण्यातलं नव्हे, बसून उडवायचं. टायगर मॉथ नावाचं दोन मजली पंखांचं इंग्रजी विमान होतं, १९३१ साली पहिल्यांदा उडालेलं. आपल्या हवाई दलाचे कितीतरी वैमानिक त्याच्यावरच शिकले. त्याची ८० टक्के मापाची प्रतिकृती घरी बांधण्यासाठी किट मिळतं. मूळ पंख टोकापासून टोकापर्यंत साधारण २९ फूट, ह्याचे त्या हिशेबाने साडेतेवीसच्या आसपास. हे ऐकून तुम्ही भावाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंत आणि विचारलंत, "मग बसणारा पन ऐंशी टक्केच लागंल का?" आमच्या घरात अजून कुणी जेवायला बसलं की हाच प्रश्न येतो. पण प्रश्न खरा होता. माप ८० टक्के केलं की पंखाचं क्षेत्रफळ ६४ टक्क्यांवर येतं, माणसाचं वजन मात्र तेवढंच राहतं. म्हणून तर तो चपाती मोजून खातो.

तर गाठीबद्दल. पंखाच्या लाकडी फासळ्यांवर कापड ताणतात, इस्त्रीच्या गरमीने ते आवळतं. उडताना पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि कापड फासळीपासून वर उचललं जाऊ पाहतं. हलक्या विमानांत कापड नुसतं गोंदाने चिकटवूनही भागवतात, पण आमच्या साहेबांचा गोंदावर भरवसा नव्हता. म्हणून लांब सुई आरपार घालून प्रत्येक फासळीला टाके, आणि प्रत्येक टाक्याला गाठ. सरावाच्या चौकटीवर त्याच्या सगळ्या गाठी सरकत होत्या. आठवडाभर घरात मेणाचा दोरा आणि चिडचिड.

त्या गाठीचं इंग्रजी नाव जाळ्यावरूनच पडलंय. हे त्याला माहीत होतं, पण दहा मिनिटांवर दिवाळे आहे हे सुचलं मला. (एवढं श्रेय मी घेतेच.) कागदावरची आकृती तुम्ही उलटी धरून बघितलीत आणि म्हणालात, "ही तं आमचीच, जरा फिरवलीय." त्याने दोरा हिसका देऊन ओढला तेव्हा हातावर चापट मारलीत. आधी अंगठ्याखाली दाब, मग ओढ. अंगठा सुटला की गाठ पळते. तिसऱ्या खेपेला गाठ बसली. मी नखाने सरकवून पाहिली, हलेना.

त्याहून मोठी गोष्ट ती बांबूची कामटी. तो प्रत्येक टाक्याला पट्टी लावून मोजत होता. तुम्ही हसलात, बाजूला पडलेली कामटी कोयत्याने तासलीत आणि जाळ्याचं घर मोजतात तशी त्याच्या हातात दिलीत. विमानात सगळीकडे एकच अंतर चालत नाही, पुढच्या फिरत्या पंख्याच्या झोतात येणाऱ्या भागात टाके जवळ घ्यावे लागतात, म्हणून त्याने तुमच्याकडून दुसरी, बारीक कामटीही करून घेतली. पैसे विचारले तर तुम्ही जाळ्यात मान घातलीत.

परवा त्याने फोटो पाठवला. वरचा डावा पंख पूर्ण, टाक्यांची रांग कंगव्याच्या दातांसारखी सरळ. आणि हो, किटवाल्या कंपनीचं नाव फिशर आहे, म्हणजे आपल्या भाषेत कोळीच! हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं होतं.

बारकी कामटी त्याच्या पायाखाली येऊन मोडली. उरलेल्या पंखांसाठी तशीच हवीय, तिकडच्या लाकडाची चालणार नाही म्हणतो. रविवारी ओहोटीच्या वेळेला येते. जिताडा आला तर माझ्यासाठी बाजूला काढून ठेवा, आणि ह्या वेळी त्याचे पैसे घ्या.

तुमची,
सीवूड्सची पापलेटवाली ताई