रातांब्याचं झाड लावतोयस म्हणून

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

गावच्या घरामागे रातांबा, म्हणजे कोकम, लावायचं तुझ्या मनात आलंय, हे वाचून बरं वाटलं. पण ‘बी टाकून देतो, उगवेल आपोआप’ हे मात्र डोक्यातून काढून टाक. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी. बियांच्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात आणि ते कळतं सात-आठ वर्षांनी, फुलं आल्यावर. तोवर पाणी घातलंस नि नर निघाला, तर फळांच्या नावानं शंख! तेव्हा कलमच घे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची १९९७ सालची ‘कोकण अमृता’ पावसाआधी काढणीला येते. आमची जुनी झाडं ऐन जूनच्या तोंडावर पिकतात, मग वाळवण घालायचं कुठे? कलमाचा शेंडा सरळ वर जाणारा बघ. आडव्या फांदीच्या काडीचं कलम आडवंच पसरत राहतं.

आमसुलं कशी करता, विचारलंस. सध्या आमच्या खळ्यात तेच चाललंय. रातांबा फोडायचा, बिया गरासकट काढून मीठ घालून ठेवायच्या, की रस सुटतो. त्या रसात साली बुडवायच्या, उन्हात टाकायच्या, सुकल्या की पुन्हा त्याच रसात. अशी चार-पाच पुटं चढली की साल काळपट नि मऊ होते, चिमटीत धरली तर बोटांना चिकटते. बाजारात पुष्कळदा एखाद्या पुटावर भागवलेली कोरडीठाक सोलं मिळतात. आमटीत मूठभर टाकली तरी ढिम्म! आपली दोन-तीन पुरतात. बांगड्याच्या आमटीत तिरफळं आधी, आमसुलं शेवटच्या उकळीला. हे सगळं स्टीलच्या नाहीतर चिनी मातीच्या भांड्यात कर, ॲल्युमिनियमला ही आंबटाई सोसत नाही.

मिठातला तो रस गाळून ठेवला की आगळ. सोलकढीला मी तेच वापरतो. नारळाचं दाट दूध, ठेचलेली लसूण-मिरची, बेतानं आगळ, वरून कोथिंबीर. मीठ चाखूनच घाल, आगळ मुळातच खारट असतं. आणि कढी म्हणतात म्हणून चुलीवर चढवू नकोस, फुटेल. हॉटेलात बीट घालून गुलाबी केलेली देतात, तिला मी सोलकढी म्हणत नाही.

सरबताचं काम सोपं: सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवायची, पाक आपोआप सुटतो. राहिल्या बिया. त्या सुकवून, कुटून, उकळल्या की वर तेल येतं. ते गोठतं, त्याचे मुठीत गोळे वळतात. मुठेल ते हेच. वहिनींच्या टाचांच्या भेगांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

खड्डे आत्ताच खणून घे, दोन झाडांत वीसेक फूट ठेव. पहिली एक-दोन वर्षं उन्हाळ्यात रोपावर नारळाच्या झापांची सावली कर. आगळ काढून ठेवलंय, पण काचेची बाटली तू आण. गेल्या साली नेलेल्या अजून तुझ्याचकडे आहेत.

तुझा,
बाळू