अपघाताची बातमी कोणी सांगितली, किती वाजता सांगितली?

संपादक महोदय,

अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान १२ जून २०२५ रोजी कोसळले, तेव्हा गोव्यातील दाबोळी विमानतळाच्या शेजारी राहणाऱ्या आम्हा लोकांच्या मोबाईलवर त्याची कारणेसुद्धा येऊन धडकली: फ्लॅप (उड्डाणाच्या वेळी जास्त उचल मिळावी म्हणून पंखांच्या मागच्या कडेला उघडणाऱ्या झडपा) उघडलेच नव्हते, इंजिनात पक्षी गेले, विमान अर्ध्याच धावपट्टीवरून उडाले. महिन्याने तपास यंत्रणेचा प्राथमिक अहवाल आला, तेव्हा फ्लॅपचा दांडा ५ अंशांवर, म्हणजे उड्डाणासाठी असायला हवा तिथेच आढळल्याचे आणि उड्डाणमार्गाजवळ पक्ष्यांची लक्षणीय हालचाल नसल्याचे कळले. दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा चालू-बंद करणारे स्विच सेकंदाभराच्या अंतराने 'बंद' स्थितीत गेल्याची नोंद ब्लॅक बॉक्समध्ये होती. तो उघडण्याआधी अपघातस्थळी उभ्या असलेल्या कोणालाही ती ठाऊक असणे शक्यच नव्हते.

अर्ध्या धावपट्टीची गोष्ट तर मुळातून पाहण्यासारखी आहे. विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळाच्या नकाशावर विमान उड्डाणाआधी धावपट्टीच्या टोकापर्यंत गेल्याची रेघ नव्हती, एवढाच तिचा आधार. जमिनीवरच्या विमानाचे संकेत तिथे नीट पकडले जात नव्हते म्हणून रेघ तुटली होती, आणि विमानाने पूर्ण धावपट्टी वापरल्याचे त्याच संकेतस्थळाने पुढे स्पष्ट केले. परंतु तोवर तुटलेल्या रेघेलाच लोकांनी घटना मानले होते. त्याच संकेतस्थळावरच्या विमानाच्या ६२५ फूट उंचीच्या आकड्याचेही तेच. तो हवेच्या दाबावरून काढलेला होता, आणि विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची व त्या दिवशीचा दाब हिशेबात धरल्याशिवाय त्यावरून जमिनीपासूनची उंची निघत नाही. तरीही 'विमान ६२५ फुटांवरून कोसळले' असे सर्रास छापले गेले.

अधिकाऱ्याने सांगितले म्हणजे खरे, असेही धरून चालत नाही. कोणी वाचले असेल असे दिसत नाही, असे पोलीस आयुक्तांनी सुरुवातीला सांगितले आणि काही वेळातच ११-ए आसनावरचा प्रवासी जिवंत असल्याचे निष्पन्न झाले. आयुक्त खोटे बोलले नव्हते. त्या घटकेला ढिगाऱ्याकडे पाहून जेवढे कळत होते तेवढे त्यांनी सांगितले. प्रत्यक्षदर्शींचेही असेच असते. २००१ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे विमान पडले, तेव्हा ते आकाशातच पेटल्याचे अनेकांनी शपथेवर सांगावे इतक्या खात्रीने सांगितले होते. तपासात मात्र शेपटीचा उभा पंख तुटून निघाल्याचे सिद्ध झाले.

याचा अर्थ पहिल्या दिवसाचे सगळेच टाकाऊ असते असा मुळीच नाही. अहमदाबादच्या चित्रफितीतील आवाजावरून आणीबाणीची पवनचक्की (इंजिने वा वीज बंद पडल्यास वाऱ्यावर फिरून वीज देणारे छोटे चक्र) बाहेर आली असावी, असे काही जाणकारांनी ताडले होते आणि अहवालाने त्याला दुजोरा दिला. आपल्याकडे नोव्हेंबर २०१९ मध्ये नौदलाचे मिग-२९के वेर्णा पठारावर कोसळले, तेव्हा पक्ष्यांचा थवा आडवा आल्याचे नौदलाने लगेच सांगितले आणि ते विश्वासार्हही होते, कारण दोन्ही वैमानिक सुखरूप बाहेर पडले होते आणि काय घडले ते स्वतः सांगू शकत होते. तेव्हा सांगणारा कुठे होता आणि त्याला तिथून काय दिसू शकत होते, हे आधी विचारावे लागते. विमान कोणते, कुठे आणि केव्हा पडले, हे सहसा लवकर व बरोबर कळते. का पडले, हे मात्र प्राथमिक अहवालही ठरवत नाही. त्यातले अर्धे वाक्य उचलून वैमानिकाला दोषी ठरवणाऱ्यांनी तो बहुधा वाचलेलाच नसतो.

म्हणून विनंती अशी की, अशा बातमीतील प्रत्येक महत्त्वाच्या तपशिलाशी तो कोणी व किती वाजता सांगितला हे छापावे, आणि तो चुकीचा ठरल्यास दुरुस्ती मूळ बातमीच्याच पानावर द्यावी. अहमदाबादचा प्राथमिक अहवाल अवघा १५ पानांचा होता. यापुढे असे अहवाल येतील तेव्हा ठळक मुद्द्यांवर न थांबता त्यांचा सविस्तर मजकूर आपण मराठीत प्रसिद्ध करावा.

आपला नम्र,
एक वाचक, चिखली, वास्को