हळदीसाठी थांबू शकणारे पैसे हवेत

सप्रेम नमस्कार.

सांगली-मिरज परिसरातले हळद पिकवणारे शेतकरी आणि ती घरात वापरणारी कुटुंबे यांचा आमचा एक लहान गट आहे. यंदाच्या काढणीआधी आम्हाला खेळते भांडवल उभे करायचे आहे. त्यासाठी हे आवाहन.

हळद जवळजवळ नऊ महिने रानात असते. मे-जूनला लागण, फेब्रुवारी-मार्चला काढणी. पुढे शिजवणे, उन्हात वाळवणे, पॉलिश. एवढे होईतो ओल्या मालाचे वजन साधारण पाचव्या हिश्शावर येते. मजुरी, खत, मुलांची फी मात्र या सगळ्या काळात रोखच मोजावी लागते. म्हणून शेतकरी अडत दुकानातून, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतो. उचल घेतली की माल त्याच दुकानात न्यायचा, तोही वाळल्या वाळल्या. सगळ्यांचा माल एकदम यार्डात आला की सौद्यात दर पडतो. पुढे दर चढला, तरी तोवर घरात हळद उरलेली नसते. तिकडे वायदेबाजारात, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे सौदे आजच होतात तिथे, हळकुंडाला हातही न लावणारे लोक तिची खरेदी-विक्री करत असतात.

जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत 1995 साली दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी विज्ञान संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि 1997 साली ते रद्द झाले. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या गावाच्या नावावर कायद्याचा हक्क, मिळाले. दोन्ही गोष्टींचा आम्हाला मनापासून अभिमान आहे. पण मानांकनाने नाव राखले जाते, पट्टीवरचा, म्हणजे विक्रीच्या पावतीवरचा, आकडा वाढेलच असे नाही. माल धरून ठेवण्याची ताकद ज्याच्याकडे, दर त्याच्या हातात. ती ताकद शेतकऱ्याकडे यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

याला मार्ग आहेत. 1988 साली नेदरलँडमध्ये मेक्सिकोतल्या छोट्या उत्पादकांच्या कॉफीवर न्याय्य व्यापाराचा शिक्का लागला, आणि किमान दराची हमी देऊनही परदेशात माल विकता येतो हे दिसले. इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात येरळेवर बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी नदीतली वाळू विकून बळीराजा धरण उभे केले आणि पाण्यात भूमिहीनांनाही वाटा धरला.

आमची रीत अशी. लागणीआधी शेतकरी आणि ग्राहक एकत्र बसतात, एकराचा खर्च मांडतात, किमान दर ठरवतात. बाजार खाली गेला तरी तो दर मोडायचा नाही; वर गेला तर बाजारभाव द्यायचा. काढणी करणाऱ्या बायकांची मजुरी याच बैठकीत ठरते, आणि त्या बैठकीला असतात. किलोमागे थोडी रक्कम शेणखतासाठी बाजूला पडते. पॉलिश करताना रंग लावायचा नाही, ही अट सगळ्यांना सारखी.

अडते ते पैशापाशी. माल घरी आला त्या दिवशी शेतकऱ्याला निम्मी रक्कम रोख दिली, तरच तो उचलीतून सुटतो. पूड मात्र वर्षभर थोडी थोडी खपते. मधले महिने पेलतील असे पैसे आम्हाला हवेत.

म्हणून देणगीपेक्षा आम्ही अठरा महिन्यांची बिनव्याजी ठेव मागतो आहोत, एक हजार रुपयांपासून पुढे कितीही. मुदत संपली की पूर्ण रक्कम परत, किंवा हवी तर तेवढ्या किमतीची हळदपूड. ज्यांना ठेव जमणार नाही त्यांनी वर्षाच्या पुडीची मागणी आताच नोंदवली, तरी मोठा आधार होईल. साठवणीला कोरडी जागाही हवी आहे. हरिपूरची कित्येक पेवे (हळद साठवायची जमिनीखालची कोठारे) 2005 च्या महापुरात निकामी झाली, त्यामुळे पुराच्या रेषेच्या वरची, ओल न धरणारी खोली कुणी हंगामापुरती दिली तर फार बरे होईल. हिशेब तपासायला एखाद्या निवृत्त बँक कर्मचाऱ्याने महिन्यातून एक संध्याकाळ द्यावी, अशीही विनंती आहे.

पावतीपुस्तके गटाच्या सभासदांकडे आहेत. मागच्या हंगामाची वही कुणालाही पाहायला मिळेल. ठेव ठेवण्याआधी ती जरूर पाहा. जानेवारीअखेर काही रानांत काढणी सुरू होते, तेव्हा संक्रांतीपर्यंत रक्कम पोचावी.