जाहीर आभार

गुलमर्ग येथे अफरवट पर्वताच्या सुमारे १३,००० फूट उंचीवरून सुरू होणाऱ्या अवघड उतारावर स्कीइंग करताना तोल जाऊन मी बरेच अंतर गडगडलो. त्या वेळी धावून आलेल्या, पण ज्यांची नावेही विचारता आली नाहीत, अशा सर्वांचे मी भुसावळहून जाहीर आभार मानतो.

आपल्या दोन्ही स्की माझ्या वरच्या बाजूस बर्फात फुलीसारख्या रोवून मागून येणाऱ्यांना सावध करणारी तरुणी, बूट स्कीला जोडणाऱ्या बाइंडिंगमधून स्की न सुटल्याने गुडघा पिळवटला आहे हे ओळखून ती हलकेच सोडवणारे, मात्र घोट्याला आधार राहावा म्हणून बूट काढू न देणारे गृहस्थ, आणि मला स्लेजवर बांधून तो उभा उतार हिसका न देता उतरवणारे बचाव पथकातील तरुण यांचा मी ऋणी आहे. परतीच्या प्रवासात झेलम एक्स्प्रेसमध्ये खालचा बर्थ मला देऊन स्वतः वर चढलेले चाळीसगावचे वयस्कर काका तर संकोच वाटावा इतके आग्रही होते.

खानदेशी उन्हाची सवय असलेल्या माझ्या देहाला हुडहुडी भरलेली पाहून कोणीतरी अंगावर घातलेले निळे जाकीट माझ्याकडे धुऊन ठेवले आहे. ज्यांचे असेल त्यांनी कृपया कळवावे.