हत्तीपायाच्या मोठ्या जंतावर औषध शोधा साहेब, आणि ते विदर्भातच शोधा

मा. आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

मी गडचिरोली जिल्ह्यातला, धानवाला माणूस. माझ्या आईचा डावा पाय गुडघ्यापासून खाली हत्तीपायानं सुजलेला आहे. रोवणीत बांधीच्या चिखलात दोन दिवस उभी राहिली की थंडी वाजून ताप, जांघेत गाठ, पाय लालभडक. चपलेचा पट्टा कापून नाडी लावून देतो तिला.

दरवर्षी गोळ्या येतात, मी आशाताईसमोरच खातो, घरच्यांनाही खायला लावतो. २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली, चांगलंच झालं. पण साहेब, या गोळ्यांनी मुख्यतः जंताची रक्तातली बारीक पिल्लं मरतात, मोठा जंत, धाग्यासारखा, लसिकेच्या (अंगातलं जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या) नळ्यांत ६ ते ८ वर्षं जगते आणि लाखो पिल्लं सोडत राहते, म्हणून तर परत परत गोळ्या खाव्या लागतात, आणि ज्याला काहीच त्रास नाही तो म्हणते मी काहून खाऊ, गोळी खिशात टाकते.

मोठ्या जंताच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे बॅक्टेरिया राहतात, ते मेले की जंतही हळूहळू मरते, हे कळून वर्षं झाली. डॉक्सिसायक्लिननं ते होते, पण रोज गोळी, ४ ते ६ आठवडे, गरोदर बाईला आणि लहान पोरांना चालत नाही, मग अख्ख्या गावाला कशी देणार? आठवडाभरात हेच काम करणारं औषध पाहिजे. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात हत्तीरोगाच्या रक्ततपासणीवर कित्येक वर्षं काम झालं, माणसं इथं आहेत, पेशंट इथं आहेत, मग पैसा इथं का येऊ नये? औषधाच्या ट्रायल आमच्या भागात घ्या, नीट समजावून घ्या, मी स्वतः घरोघरी फिरतो तुमच्या लोकांसोबत.

आणखी एक. पिल्लं रक्तात रात्री येतात, साधारण १० ते २ च्या दरम्यान. आमच्या टोलीवर रक्त घ्यायला टीम आली ती ८ वाजता, ९ ला गाडी परत. त्या स्लाइडवर "निगेटिव्ह" लिहून आलं तर त्याचा काय भरवसा? रात्रीच्या ड्युटीला माणसं द्या, त्यांना भत्ता द्या, जेवण आम्ही देऊ.

देशानं २०२७ पर्यंत हत्तीरोग संपवायचं ठरवलंय. संपावाच. पण आईचा पाय २०२८ मध्येही तसाच राहील. रोज संध्याकाळी टबात साबणानं पाय धुते, बोटांच्या मधलं पाणी फडक्यानं टिपते, मलम लावते, एवढं केलं की ताप कमी येते, हे आम्ही डोळ्यानं पाहिलं. टब आणि मलम एकदाच मिळालं, मलम दोन महिन्यात संपलं. ते दर महिन्याला उपकेंद्रात मिळालं पाहिजे.

आपला,
धान उत्पादक, जि. गडचिरोली