बाहेरच्या नळाचा प्लास्टिक एल्बो (पाइप वळवणारा कोपऱ्याचा जोड) फुटल्याबाबत तक्रार

दिनांक : 18 मे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
बांधकाम कंपनीचे सोलापूर कार्यालय

विषय : रो-हाऊस क्र. 9, पार्किंगशेजारच्या नळाची सततची गळती आणि त्याची फिटिंग नव्याने करून मिळण्याबाबत

महोदय,

जुळे सोलापुरातील आपल्या प्रकल्पात आमच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीवर आपण बसवून दिलेला बाहेरचा नळ 4 मेपासून गळतो आहे. आपला माणूस दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा त्याने नळ बदलला, दुसऱ्यांदा चिरेवर एपॉक्सी पुट्टी थापली. गळती होती तिथेच आहे. आता कार्यालयातून फोनवर सांगण्यात आलं की "नळ जोरात फिरवल्यामुळे एल्बो फुटला, ही वापरणाऱ्याची चूक." हे आम्हाला मान्य नाही.

पाइपबद्दल तक्रार नाही. त्यावर आयएस 15778 (या पाइपाचं भारतीय मानक) आणि एसडीआर 11 (व्यास भागिले पाइपाची जाडी) असा स्पष्ट छाप आहे, माल चांगला आहे. दोष शेवटच्या वीतभर कामात आहे. 20 मिमीचा सीपीव्हीसी (गरम पाणीही सोसणाऱ्या प्लास्टिकचा) पाइप गच्चीवरच्या टाकीकडून भिंतीवरून उघडा खाली येतो आणि त्याच्या टोकाला 20 बाय 15 चा (पाइपाकडे 20 मिमी, नळाकडे 15 मिमी) साधा एल्बो आहे, म्हणजे आतले आटेसुद्धा प्लास्टिकचेच. त्यात पितळी बिब कॉक, म्हणजे नळ, पिळून बसवला आहे. घरातल्या न्हाणीत मात्र आपणच प्रत्येक नळाला पितळी आट्यांचा ब्रास एल्बो वापरला आहे. म्हणजे तो का वापरतात हे आपल्याला माहीत आहे. बाहेरच्याच नळाला तो का नाही? दोन एल्बोंच्या किमतीतला फरक दोनशे रुपयांच्याही आत आहे.

आता चिरेविषयी. नळ काढून पाहिला तेव्हा एल्बोच्या तोंडापासून आत सरळ गेलेली, सुमारे 11 मिमी लांब, केसाएवढी चीर दिसली. ती उभी आहे, आट्यांना आडवी छेदून जाणारी. नळाला हिसका बसला असता किंवा कुणी त्यावर पाय दिला असता, तर एल्बो मानेजवळ गोल तुटला असता. तोंडापासून निघालेली उभी चीर आतून पाचर बसल्यावर पडते. ती पाचरही सापडली. नळाच्या आट्यांवरून टेफ्लॉन टेप उलगडली तेव्हा 26 वेढे निघाले. एवढ्या आट्यांना आठ-दहा वेढे पुरतात. जाड गुंडाळलेली टेप प्लास्टिकच्या आट्यांत कोंबली आणि वरून पाइप पान्याने शेवटचा अर्धा फेरा आवळला की तोंड बाहेरच्या बाजूला ताणलं जातं. प्लास्टिक लगेच फुटत नाही, ताण धरून बसतं, आणि दोन-चार महिन्यांनी उन्हाळ्यात चीर देतं. आमच्याकडे ताबा जानेवारीत आणि गळती मेमध्ये, हा हिशेब तंतोतंत जुळतो. ब्रास एल्बोमध्ये हा ताण पितळ सोसतं, प्लास्टिकपर्यंत पोहोचत नाही.

पाण्याच्या दाबामुळे फुटला म्हणावं, तर टाकीतलं पाणी नळापेक्षा जेमतेम 7 मीटर उंच आहे. दाब झाला चौरस सेंटिमीटरला 0.7 किलो. हा पाइप 23 अंशांना 28 किलो आणि 82 अंशांनाही 7 किलो दाब सोसतो.

एल्बो एकटा दोषी नाही. त्याला भिंतीत काहीही आधार नाही. मागे प्लास्टरचा एक ठिपका आहे, तोही सुटलाय. नळ फिरवताना एक बोट एल्बोवर ठेवून पाहा, अख्खा एल्बो पाइपासकट हलतो. बागेची नळी जोडून ओढली की तोच झोक आट्यांवर जातो. एल्बोच्या दोन्ही बाजूंना, 10 सेंमीच्या आत, भिंतीत फास्टनर मारून क्लॅम्प हवा. नाहीतर स्क्रूने भिंतीला बसणारा प्लेटवाला ब्रास एल्बो हवा.

वरच्या क्लॅम्पची तऱ्हा नेमकी उलटी. तिथे लोखंडी क्लॅम्प पाइपाला चावतील इतके आवळले आहेत. सीपीव्हीसी दर मीटरला दर अंशामागे सुमारे 0.065 मिमी वाढतो. ही भिंत पश्चिमेची, मे महिन्यात सोलापुरात पारा 42-43 वर, आणि उन्हात तापलेला पाइप हवेपेक्षाही गरम. पहाटे 25 आणि दुपारी 55 अंश धरले तर 4 मीटरच्या सरळ पाइपात जवळजवळ 8 मिमी वाढ होते. क्लॅम्पमध्ये सरकायला वाव नसेल तर ती वाढ जाणार कुठे? खालच्या एल्बोवर. रोज.

दुसऱ्या दुरुस्तीच्या वेळी एल्बोच्या वरचा सॉकेटजोड (ज्याच्या खाचेत पाइप चिकटवतात तो) हाताने निघून आला, त्याचा फोटो आहे. 20 मिमीच्या सॉकेटमध्ये पाइप साधारण 18 मिमी आत जायला हवा. इथे सोल्युशनची (पाइप चिकटवायच्या द्रावाची) खूण 9 मिमीवरच थांबली आहे. पाइप हॅक्सॉने कापून कड न घासता तसाच घुसवलेला, बुरे (कापताना उरलेले कंगोरे) अजून लागून आहेत. शिवाय सॉकेट आत निमुळता असतो. पाइप पाव फेरा देऊन तळाशी टेकेपर्यंत दाबायचा आणि अर्धा मिनिट तसाच धरून ठेवायचा असतो, नाहीतर तो आपोआप मागे सरकतो. इथे हात लगेच सोडला असावा. आपल्या माणसाने तोच जोड पुन्हा सोल्युशन लावून बसवला आणि दहा मिनिटांत पाणी सोडलं.

पुट्टीबद्दल एकच वाक्य : ओल्या, गुळगुळीत प्लास्टिकवर ती धरत नाही आणि नळ फिरवला की खालची चीर हलते, म्हणून ती तिसऱ्या दिवशी सोलून हातात आली.

या लाइनीला वेगळा बॉल व्हॉल्व्ह (पाणी बंद करायची चावी) नाही, त्यामुळे गळती थांबवायची तर सगळ्या घराचं पाणी बंद करावं लागतं. नळ पूर्ण बंद असताना चिरेखाली एक लिटरचा मग ठेवला, तो 12 मिनिटांत भरला. दिवसाला 120 लिटर. आमच्या भागात महापालिकेचं पाणी चार दिवसांनी येतं, म्हणजे 1000 लिटरच्या टाकीतलं जवळजवळ निम्मं पाणी पार्किंगच्या फरशीवर जातं. उजनीचं पाणी असं जमिनीत जिरवायला मिळत नाही, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. भिंतीच्या आतल्या बाजूला, जिन्याखाली, ओल चढून रंगाचे पोपडे सुटू लागले आहेत.

म्हणून फक्त नळ किंवा फक्त एल्बो बदलून चालणार नाही. वरच्या जोडापासून पाइप कापून काम नव्याने करावं. 20 बाय 15 चा ब्रास एल्बो, भिंतीला पक्का धरलेला. कटरने सरळ काप, कड साफ, सॉकेटच्या खोलीची खूण पाइपावर आधीच केलेली, आणि सोल्युशन सीपीव्हीसीचंच, यूपीव्हीसीच्या (थंड पाण्याच्या साध्या प्लास्टिक पाइपाच्या) डब्यातलं नको. आट्यांना टेपच, लोखंडी पाइपासाठीचा सूत-सफेदा नको. नळ हाताने बसवून पान्याने एक, फार तर दीड फेरा. नळाचं तोंड सरळ खाली येत नसेल तर टेप कमी-जास्त करावी, पण फेरा मागे घेऊ नये, तिथून हमखास पाझरतं. वर हाताला येईल अशा उंचीवर बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन (पाइप न कापता खोलता येणारा जोड). क्लॅम्प प्लास्टिकचे, तीन-तीन फुटांवर, पाइप सरकेल असे. उघड्या पाइपावर पाण्यात मिसळणारा फिका बाहेरचा रंग, ऑइल पेंट नको. सोल्युशनला 24 तास द्यावेत आणि मग आमच्यासमोर 10 किलो दाबाची पाण्याची टेस्ट तासभर करून दाखवावी.

कारागिराच्या पगारातून हे कापू नये. त्याच्या हाती दिलेला माल कुणी निवडला, हा प्रश्न कार्यालयाचा आहे. शेजारच्या क्र. 8 आणि 10 मध्येही बाहेरच्या नळाला हाच साधा एल्बो आहे. ते फुटायच्या आधी बदलावेत.

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, 2016 च्या कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत कळवलेला कारागिरीचा दोष 30 दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करणं आपल्यावर बंधनकारक आहे. ती मुदत या पत्राच्या पोचेपासून मोजू. जिन्याखालची भिंत वाळल्यावर तिचा रंगही त्यातच धरावा. उलगडलेली टेप आम्ही जपून ठेवली आहे, फुटलेला एल्बोही काढल्यावर आमच्याकडेच ठेवू. पाहायला या, पण तो परत मिळणार नाही.

कळावे,

रो-हाऊस क्र. 9 चे धारक