फळी कुणी लावायची होती?

रविवार, 10 ऑगस्ट 2025

प्रिय बाळ्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. म्हणजे माणसांपैकी. तुझे तीन फोन आले, तिन्ही मी वाजू दिले. आमच्या घरात रेंज येते ती पडवीच्या एकाच खांबापाशी, आणि तो खांब नेमका स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून. तुला जे सांगायचंय ते नलूच्या कानावर जाऊन चालणार नाही. म्हणून कागद. माझी साखर ठीक, नलूची कंबर तशीच. प्रकृतीचं संपलं.

माझ्या सहा कोंबड्या मेल्या. चौदातल्या सहा, 14 जुलैपासून दहा दिवसांत. गटारीच्या तोंडावर सहा कोंबड्या फणसाखाली पुरणारा मी वाडीतला पहिलाच माणूस असेन. वाडी समजते मानमोडी, म्हणजे कोंबड्यांची राणीखेताची साथ, आली होती. नलूही तेच समजते, कारण मीच तसं सांगितलं. मानमोडी नव्हती. कोंबड्या मी मारल्या.

आता तुला हसू येईल, पण थांब. मागच्या मे महिन्यात तू ज्या बादलीला नाक मुरडलं होतंस, तिचंच हे प्रकरण. तू विचारलंस, ‘कोंबड्यांसाठी दारू गाळतोस काय?’ तेव्हा मी चिडून उत्तर दिलं नव्हतं, आता देतो. त्या बादलीत मी कोंबड्यांचं खाणं आंबवतो. दोन भाग तांदळाची कणी, एक भाग मक्याचा भरडा, मूठभर नाचणी, वर कोंडा. प्लॅस्टिकची बादली, कारण आंबट पाणी पत्र्याला खातं. विहिरीचं पाणी धान्याच्या वर चार बोटं राहील इतकं, तोंडाला फडकं, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. मे महिन्यात दुसऱ्याच दिवशी फेस येतो, पावसात तीन-चार दिवस लागतात. आंबोळीच्या पिठासारखा वास आला की रोवळीत निथळून द्यायचं आणि तळाचं पाणी पुढच्या घाण्याला विरजण म्हणून ठेवायचं. ताकात जे जंतू तेच यात. धान्य फुगतं, पचायला हलकं होतं, आणि कोरडी कणी त्या पायांनी उधळून अर्धी मातीत घालतात तसं ओल्याचं होत नाही. एका कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाणं लागतं. चौदा जणींचा हिशेब तूच कर, बँकेत होतास. माझा महिन्याचा कणीचा खर्च पाव हिश्शाने उतरला. खुराड्याचा वास तर इतका कमी झाला की नलूने स्वतःहून कौतुक केलं. नलूने! भागीकाकी मात्र कुंपणावरून म्हणायची, ‘माणसांक पेज मिळना नाय नि तुझ्या कोंबड्यांक आंबोळ्ये!’

तर हे सगळं दोन वर्षं सुरळीत. चूक झाली पेंडीत. जूनमध्ये अंडी कमी झाली. कणी-मक्यात पोटभर असतं, पण अंड्याला लागणारा कस नसतो, म्हणून मी शेंगदाण्याची पेंड आणली, अर्धं पोतं. पडवीत ठेवली. कौल फुटलेलं होतं ते मला माहीत होतं (नलू मार्चपासून सांगत होती, तो वेगळा अध्याय). पोत्याची एक बाजू भिजली. जुलैत उघडलं तर पेंडीचे गठ्ठे झालेले, आत हिरवट-पिवळी भुकटी, जुन्या वहीसारखा वास. इथे बाळ्या, मी काय केलं असेल ते तूच सांगू शकशील, दुसरं कुणी नाही. फेकून द्यायला जिवावर आलं. म्हटलं, आंबवूया. आंबट झालं की बुरशी मरते, लोणच्यात नाही का मरत? वरचा थर खरवडला, बाकी बादलीत.

आठवड्यात कोंबड्या फुगून बसायला लागल्या. पंख सैल, तुरा फिका, अंडी बंद. बादलीसमोर यायच्या, चोच लावायच्या, परत फिरायच्या. माझ्यापेक्षा अक्कल होती त्यांना. मानमोडीत मान पिळवटते, घरघर लागते, हिरवी हगवण होते. यातलं काहीच नव्हतं. शिवाय पिल्लं सात दिवसांची असताना लासोटा लसीचे थेंब डोळ्यांत मीच घातलेत आणि दोन महिन्यांवर दुसरी लसही टोचून घेतलीय. म्हणजे मला पहिल्याच दिवशी संशय आला होता. तिसरी मेली तेव्हा विहिरीमागे जाऊन सुरीने उघडली. काळीज (यकृत) सुजून पिवळट, मातीच्या रंगाचं. तू कोंबडीची किती काळजं खाल्लीस ते मला ठाऊक आहे, असं एकही पाहिलं नसशील.

कुडाळला जाऊन डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पेंड दिली काय? मग म्हणाले, बुरशी मरेलही, तिने सोडलेलं विष तसंच राहतं. उकळा, वाळवा, आंबवा, ते दाद देत नाही. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पटापट मेल्या, कारण शोधता शोधता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपाशी पोचले, आणि तिथून त्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळालं. म्हणजे माझ्या पडवीतली अक्कल जगाला माझ्या जन्माआधीच येऊन गेलेली. ती अंडी खाऊ नका, हेही त्यांनी सांगितलं. उरलेली पेंड आणि अंडी मी रात्री खड्ड्यात पुरली. नलूने विचारलं, अंडी का रे? म्हटलं, मानमोडीची.

इथवर असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. सहा कोंबड्या ही काही गोष्ट नव्हे. मुंगसाने याहून जास्त नेल्यात. पण नलूने विहिरीवर सांगितलं, आणि कुणीतरी म्हणालं, मर आली तर कुठून? भागीकाकीने जुलैच्या सुरुवातीला आठवडी बाजारातून तीन तलंगा (अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणल्या होत्या. झालं. दोन दिवसांत वाडीभर ठरलं की मर काकीच्या तलंगांनी आणली. तिची एकही कोंबडी शिंकलेली नाही, हे कुणी बघितलं नाही. तिने आठवडाभर सगळ्या डालग्याखाली कोंडून ठेवल्या. मग कोंबडीवाला आला तेव्हा नऊच्या नऊ देऊन टाकल्या. श्रावणात, बाळ्या! गटारीला सात-आठशेला गेला असता तो जीव दोनशेला गेला. आणि संध्याकाळी कुंपणापाशी येऊन मला म्हणते, ‘माझ्या तलंगांनीच मर हाडली रे झिला, माका माफ कर.’

मी काय म्हणालो? ‘जाऊ दे काकी.’

जाऊ दे! माफ केल्यासारखं! आम्ही गावी परत आलो तेव्हा पहिली खुडूक कोंबडी आणि खाली ठेवायला तेरा अंडी याच बाईने दिली होती, एक पैसा न घेता.

आता तुला भिवाचा मोत्या आठवला असेल. मला त्या संध्याकाळपासून दुसरं काही आठवत नाही. 1983, आपण सातवीत, धयकाला, म्हणजे दशावतारी नाटक, बघायला पळालो आणि खुराड्याची फळी उघडी राहिली. सकाळी पिसंच पिसं. आजीने विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे, आणि दोघांच्या तोंडून एकदम निघालं, मोत्या. भिवाने त्याला साकवापलीकडे नेऊन सोडला. तिसऱ्या दिवशी तो परत आला, आणि भिवाकडे न जाता येऊन बसला कुठे, तर तुझ्या दारात. तू घाबरून दोन दिवस शाळेत आला नाहीस, तुझ्या आईला वाटलं ताप. फळी लावायचं काम तुझं होतं हे मी आजही सोडत नाही. मी बॅटरी शोधत होतो.

सध्या हे केलंय. आठांपैकी एक खुडूक झाली, तिच्याखाली खालच्या वाडीतून आणलेली अकरा गावठी अंडी ठेवलीत, 4 तारखेला. एकवीस दिवस धरले तर 25 ला फुटतील. ती काकीला द्यायची. पण काय म्हणून द्यायची? गुपचूप दिली तर ती मलाच आशीर्वाद देत बसेल, आणि ते मला झेपणार नाही. खरं सांगून दिली तर तासाभरात नलूला कळेल, कौलासकट. नारळी पौर्णिमेला काकीने नारळीभाताची वाटी पाठवली. मी साखरेचं निमित्त करून खाल्ला नाही.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते मन्याकडून कळलं. जिना चढतोस ना? चिऊच्या नोकरीचं ऐकून बरं वाटलं, तिला सांग काका रागावलाय, पेढे आले नाहीत. वहिनींचं कुळिथाचं पीठ काढून ठेवलंय.

चतुर्थी 27 ची. तू दरवर्षी आदल्या रात्री उगवतोस, यंदा 24 ला ये. गुडघ्यासाठी खालचा बर्थ घे. 25 ला सकाळी आपण दोघं पिल्लं घेऊन काकीकडे जाऊ. बोलेन मीच. तू नुसता बाजूला उभा राहा, आणि मी ऐनवेळी पुन्हा मोत्याचं नाव घ्यायला लागलो तर पायावर पाय दे. चांगल्या गुडघ्याचा.

तुझा,
अप्पा

ता. क. कौल बदललं. बादली चालूच आहे, आता फक्त कणी, मका आणि नाचणी. कसासाठी वाळवी आणि सुकटीचा चुरा घालतो. पत्र वाचून झालं की फाड. वहिनींना दाखवू नकोस, त्या नलूला फोन करतात.